कार्ड काढलं तरी पैसे का जातात?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६८ वर्षांचे. त्यांच्या पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड दोन ठिकाणी सेव्ह केलेलं आहे, एक खरेदीचं अ‍ॅप आणि एक सिनेमा-मालिकांचं. लॉकडाऊनच्या काळात भाच्याने लावून दिलं होतं, आता वडील दोन्हींपैकी काहीच बघत नाहीत. ताईंनी दोन्ही अ‍ॅप फोनवरून उडवली, तरी महिन्याला २९९ रुपये जातातच. अ‍ॅप पुन्हा टाकून कार्ड काढायला गेल्या, तर 'हे कार्ड चालू सदस्यत्वासाठी वापरात आहे' असं येतं आणि पुढे काही होत नाही. त्या विचारतात, सरळ कार्डच ब्लॉक करून टाकू का?

ताई, आज नका करू. वडिलांच्या हातात दुसरं कार्ड पडेपर्यंत आठ-दहा दिवस जातील, एटीएममधून पैसे काढायचे वांधे होतील, आणि ज्या गोष्टीवर तुम्ही चिडला आहात ती गोष्ट तिथेच राहील. त्या अ‍ॅपमध्ये सदस्यत्व चालूच असेल, वर 'पेमेंट बाकी आहे' अशी लाल पट्टी येईल, आणि बाकी असताना कार्ड काढू देत नाहीत अशा सेवा बऱ्याच आहेत.

एका बँकेच्या कार्ड विभागात तक्रारींच्या टेबलवर मी अकरा वर्षं काढली. त्यात हा प्रश्न इतक्यांदा आला, की पहिल्या वाक्यावरूनच पुढचं कळायचं. 'मॅडम, मी अ‍ॅप डिलीट केलंय हो, तरी पैसे कट झाले.' अ‍ॅप फोनवरून काढणं म्हणजे किराणा दुकानाच्या गल्लीतून जाणं बंद करणं. वाण्याच्या वहीत तुमचं पान तसंच असतं. दर महिन्याचं दूध-पाव घरी पोचवायला सांगितलेलं असेल, तर ते येत राहणार आणि लिहिलंही जाणार.

आणि इथे वह्या तीन आहेत. पहिली त्या अ‍ॅपमधलं वडिलांचं खातं, जिथे 'शेवटचे चार आकडे' दाखवणारं कार्ड दिसतं. दुसरी म्हणजे मँडेट, 'दर महिन्याला एवढे घ्या' ही बँकेला दिलेली परवानगी. तिसरी टोकनची नोंद, तीही बँकेकडेच. लोक पहिल्या वहीतलं पान फाडतात आणि काम झालं समजतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. तुमच्या बाबतीत क्रम असा हवा: आधी सदस्यत्व आणि मँडेट, मग अ‍ॅपमधलं कार्ड, शेवटी बँकेतली टोकनची यादी. तुम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केलीत, म्हणून बटण अडलं.

टोकनबद्दल थोडं सांगते, कारण त्यातून तुमची निम्मी भीती जाईल. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे कुठल्याही अ‍ॅपला किंवा वेबसाइटला तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवायला बंदी आहे. रिझर्व्ह बँकेने आधी १ जानेवारी २०२२ ही तारीख दिली होती, मग ती जूनअखेर गेली, मग सप्टेंबरअखेर. त्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडचे फोन थांबत नव्हते, 'माझं सेव्ह केलेलं कार्ड गेलं कुठे?' आता 'कार्ड सेव्ह करा' म्हटल्यावर नंबराऐवजी एक वेगळा आकडा तयार होतो, तो टोकन. एका कार्डाचं एका दुकानासाठी एक टोकन. तो दुसऱ्या दुकानात चालत नाही. दुकानदाराकडे राहतात ते फक्त शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव. सीव्हीव्ही तर कुणी साठवायचाच नसतो. म्हणजे वडिलांचा कार्ड नंबर त्या अ‍ॅपच्या कपाटात पडून आहे, असं नाही. पैसे जातायत ते मँडेटमुळे.

मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. परवानगी देताना एकदाच ओटीपी. त्यानंतर ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम ओटीपी न विचारता कापता येते. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांच्यासाठी डिसेंबर २०२३ पासून १ लाख. २९९ रुपये त्यात सहज बसून जातात, म्हणून ओटीपी येत नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे, आणि त्या निरोपात 'नको' म्हणायची सोय असली पाहिजे. वडिलांच्या फोनमध्ये मागच्या महिन्यातले एसएमएस चाळून पाहा. तो मेसेज बहुधा आलेला असेल, कर्जाच्या जाहिराती आणि 'तुम्ही जिंकलात' यांच्या मधोमध. माझे सासरे असे सगळे मेसेज 'बँकवाल्यांची कटकट' म्हणून न उघडता खोडायचे.

त्या मेसेजमध्ये लिंक असेल तर ती दाबू नका. खरी असेलही, पण हुबेहूब तसल्या खोट्या लिंका फिरतात, आणि खरी कुठली हे वडिलांना ओळखायला लावण्यात अर्थ नाही. मेसेजचा उपयोग तारीख आणि नाव कळण्यापुरता.

आता प्रत्यक्ष काम. रविवारी दुपारी वडिलांना शेजारी बसवून करा, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर येणार. आधी पासबुक किंवा स्टेटमेंट उघडा आणि २९९ च्या ओळीपुढे कुणाचं नाव आहे ते वाचा. ही पायरी सगळे गाळतात. सिनेमावाल्या अ‍ॅपचं स्वतःचं नाव असेल, तर सदस्यत्व थेट त्यांच्याकडून घेतलेलं आहे, मग त्यांच्याच खात्यात शिरून 'सदस्यत्व रद्द करा' शोधायचं. पण तिथे गूगल किंवा अ‍ॅपल असं दिसलं, तर भाच्याने ते फोनच्या स्टोअरमधून घेतलं होतं. अशा वेळी सिनेमाच्या अ‍ॅपमध्ये तासभर घालवलात तरी रद्द करण्याचं बटण सापडणार नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे गोल फोटोवर बोट ठेवा, 'पेमेंट आणि सदस्यत्वं' अशा नावाखाली यादी येईल. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर नाव असतं, त्याच्या आत. आणि हो, ते गूगल खातं वडिलांचं आहे की भाच्याचं, हेही बघा. मी पाहिलेल्या प्रकरणांत कार्ड आजोबांचं आणि खातं नातवाचं, ही जोडी फार. तसं असेल तर वडिलांच्या फोनवर यादी रिकामी दिसेल आणि भाच्यालाच फोन लावावा लागेल.

रद्द करताना ते दोन-तीनदा विचारतील, नक्की का, निम्म्या दरात देऊ का. 'पुढे' आणि 'तरीही रद्द करा' यांचे रंग मुद्दाम उलटे केलेले असतात, फिकट बटण बहुतेकदा आपल्या कामाचं. शेवटी 'तुमचं सदस्यत्व अमुक तारखेपर्यंत चालू राहील' असं आलं म्हणजे झालं. भरलेले दिवस पुरे होईपर्यंत सेवा चालू असते, त्याला घाबरू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. ईमेल येतो, तोही ठेवा.

मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये जाऊन ई-मँडेट, ऑटोपे किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन यांपैकी जे नाव असेल ते उघडा. काही बँकांनी हे काम बिलडेस्क या पेमेंट कंपनीच्या एसआय हब नावाच्या साइटवर दिलेलं आहे, तिथे नेलं तर गोंधळू नका. पण पत्ता बँकेच्या अ‍ॅपमधूनच उघडलेला असू दे. यादीत त्या सिनेमावाल्यांची ओळ असेल, ती रद्द करा.

फक्त तीच ओळ. ठाण्याला आमच्याकडे एक काका यायचे, निवृत्त मुख्याध्यापक, भारी शिस्तीचे. पेपरात ऑनलाइन फसवणुकीची बातमी वाचून त्यांनी एका संध्याकाळी यादीतल्या सगळ्या ओळी सरसकट उडवल्या. त्यात मेडिक्लेमचा हप्ता होता. तीन महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं की पॉलिसी बंद पडलीय. तेव्हा एकेक ओळ वाचा, रक्कम बघा, नाव ओळखीचं नसेल तर घरात विचारा, मग हात लावा.

एवढं झालं की अ‍ॅपमधलं कार्ड काढण्याचं बटण सहसा आपोआप जागं होतं. तरी अडलं तर कारणं ठरलेली असतात. एखादा हप्ता थकलेला असतो. फुकट चाचणीचा काळ चालू असतो. किंवा त्या सेवेला खात्यावर पैसे देण्याचा काहीतरी मार्ग लागतोच, दुसरा दिल्याशिवाय पहिला सोडत नाहीत. तिथे कंटाळून स्वतःचं कार्ड घालू नका ताई. पुष्कळ मुली हेच करतात आणि वडिलांचा त्रास आपल्या खात्यावर ओढवून घेतात. भरलेला काळ संपू दे, मग पुन्हा जा, नाहीतर ते खातंच बंद करा. वडील बघतच नाहीत, मग राखायचं कुणासाठी?

खरेदीच्या अ‍ॅपचं काम त्या मानाने सोपं. खात्यात 'पेमेंट' किंवा 'सेव्ह केलेली कार्डं' असं असतं, तिथून काढा. त्याआधी एवढंच बघा, की एखादी ऑर्डर वाटेत नाही ना आणि वार्षिक सदस्यता आपोआप पुढे जाण्यावर लावलेली नाही ना. परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतील तर लोक थांबतात. त्याची गरज नाही. रिफंड मूळ व्यवहाराचा माग काढत खात्यात येतो, कार्ड सेव्ह असो वा नसो. खातंच बंद केलं असेल तर मात्र पंचाईत.

तिसरी वही बघायला फारसं कुणी जात नाही, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात मजेशीर. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकानुसार, तुमच्या कार्डाचे टोकन कोणकोणत्या दुकानांकडे आहेत याची यादी बँकेने तुम्हाला दाखवायलाच हवी, आणि त्यातलं नको ते काढायची सोयही द्यायला हवी. अ‍ॅपवर, नेटबँकिंगवर, फोनवर किंवा शाखेत. बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'कार्ड' या भागात खोलवर कुठेतरी 'टोकन' हा शब्द असतो. मी स्वतःची यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा चौदा नावं निघाली. त्यात कोल्हापूरला लग्नाला जाताना एकदाच वापरलेली बसच्या तिकिटांची साइट होती, आणि एक केकवाला, ज्याचं नाव मला आजही आठवत नाही. मी तर याच विभागात काम करत होते! घाईत पैसे भरताना 'कार्ड सुरक्षित ठेवा'च्या चौकटीत आधीच बरोबरची खूण असायची आणि मी ती तशीच सोडून पुढे जायचे. नियमाने अशी खूण आधीपासून करून ठेवता येत नाही, संमती गिऱ्हाइकाने स्वतःहून द्यायची असते. कागदावर.

वडिलांची यादी उघडलीत की त्या दोघांखेरीज आणखीही काही सापडेल, असा माझा अंदाज आहे.

एक गल्लत होते ती इथेच निस्तरते. यूपीआयचं अ‍ॅप लावताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात, ती पिन तयार करण्यापुरती. त्याने कार्ड सेव्ह होत नाही. तिथे पैसे थेट खात्यातून जातात. यूपीआयचं ऑटोपे वेगळं, त्याची यादी यूपीआयच्या अ‍ॅपमध्येच मिळते. २९९ ची ओळ कार्डाच्या मँडेटमध्ये सापडली नाही आणि पासबुकात त्या ओळीत यूपीआय लिहिलेलं असेल, तर तिकडे शोधा. कर्जाचे हप्ते ज्यावर जातात ते नॅच हे तिसरंच प्रकरण, त्याला आता हात लावायचं कारण नाही.

कार्ड ब्लॉक कधी करायचं? कार्ड हरवलं, न केलेले व्यवहार दिसले, किंवा जुना फोन न पुसता विकला तर. लगेच, रात्री दोन वाजता असलं तरी. तुमच्या वडिलांसारख्यांसाठी मी स्विच वापरायला सांगते. २०२० पासून प्रत्येक बँकेला कार्डाचे वेगवेगळे वापर चालू-बंद करायची सोय द्यावी लागते. वडील कार्ड फक्त एटीएमला आणि कधीमधी औषधाच्या दुकानात वापरत असतील, तर ऑनलाइन वापर बंद, परदेशातला वापर बंद. परदेशातला तर आधी बंद करा, कारण परदेशी साइटवर ओटीपीशिवाय, नुसत्या नंबरावर पैसे गेल्याची प्रकरणं माझ्या टेबलवर भरपूर आली. टोकनचा नियमही आपल्याकडच्या दुकानांपुरता आहे. पण स्विच बंद केला म्हणून मँडेट रद्द करायचं सोडू नका. मुलगा दिवाळीला येतो, तिकीट काढायला स्विच चालू करतो, आणि परत मागचंच चालू.

गेलेल्या पैशांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. स्पष्ट सांगायचं तर आधीच्या महिन्यांचे पैसे बँक देणार नाही. परवानगी वडिलांच्याच ओटीपीने दिलेली आहे, त्याला अनधिकृत व्यवहार म्हणता येत नाही. सिनेमावाल्यांना लिहून बघा, शेवटचा महिना न वापरल्याचं त्यांना दिसत असेल तर कधी कधी परत करतात. रद्द केल्यानंतर मात्र एकदा जरी पैसे कापले गेले, तरी प्रकरण वेगळं होतं. तेव्हा तो स्क्रीनशॉट घेऊन बँकेत लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. आणि अगदीच परका व्यवहार दिसला, जो वडिलांनी केलाच नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवणं फार मोलाचं. चूक ना तुमची ना बँकेची, अशा प्रकरणात या मुदतीत कळवलं तर खातेदाराला तोशीस पडत नाही. बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. २०१७ पासूनचा नियम आहे. फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आधी, बाकी सगळं नंतर.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. हे मी जरा आवाज चढवूनच सांगते. एक ताई आमच्या शाखेत रडत आल्या होत्या. १९९ रुपयांचं सदस्यत्व बंद करायचं होतं. नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला. पलीकडचा मुलगा गोड बोलणारा, 'काकू, मी करून देतो, फक्त हे छोटं अ‍ॅप टाका म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल'. त्या बोलत असतानाच ओटीपी येत होते आणि तो ते वाचत होता. १९९ वाचवायला गेल्या आणि ४६,००० गेले. मदत हवी असेल तर अ‍ॅपच्या आतली चॅट, नाहीतर कार्डाच्या मागे छापलेला बँकेचा नंबर. रद्द करण्यासाठी कुणालाही ओटीपी तोंडी सांगावा लागत नाही.

नेटबँकिंग नसेल तर शाखेत जा, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नको, पेन्शनची रांग असते. काउंटरवर 'कार्ड काढायचंय' असं म्हणालात तर ते नवीन कार्डाचा फॉर्म पुढे करतील. 'कार्डावरचं ई-मँडेट रद्द करायचंय आणि टोकनची यादी हवीय' असं म्हणा. समोरच्याला कळलं नाही तर डिजिटल बँकिंग बघणाऱ्याला बोलवायला सांगा. अर्जावर सही वडिलांची, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन यायची. २९९ कुठल्या तारखेला जातात ते पासबुकात दिसेलच, त्याच्या चार दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे.

आणि वडिलांच्या कार्डाची मुदत कधी संपतेय ते पाहून ठेवा. नवीन कार्ड आलं की जुन्या दुकानांशी ते जोडायचं का, हे बँकेने आधी विचारायचं असतं. त्या वेळी कुणी घाईत 'हो' दाबू नये, म्हणून तो महिना कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची तारीख लिहिता त्याच कॅलेंडरवर.